खर्जातले हसू

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील प्रत्येक वाद्याच्या वाट्याला काही विनोद आलेले असतात. परंतु बास गिटार वाजवणाऱ्याच्या वाट्याला आलेल्या विनोदांची जातच निराळी. त्यांतील एक फार प्रसिद्ध आहे. जंगलात शिरलेल्या प्रवाशांना रात्रंदिवस दुरून नगारे ऐकू येत असतात. वाटाड्या धीर देतो, 'नगारे वाजताहेत तोवर भिऊ नका. थांबले की मात्र अनर्थ होईल.' एके रात्री नगारे थांबतात. प्रवासी थरथर कापत विचारतात, 'आता काय होणार?' वाटाड्या कानांवर हात ठेवून म्हणतो, 'आता बासवाला एकटा वाजवणार!' दुसरा विनोद एका होतकरू मुलाचा. पहिल्या आठवड्यात तो बासची एक तार शिकतो, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. तिसऱ्या आठवड्यात तो शिकवणीला फिरकतच नाही. वडील कारण विचारतात, तेव्हा चिरंजीव सांगतात, 'वेळ कुठे आहे? कार्यक्रमाची सुपारी मिळाली!'

हे विनोद इतरांपेक्षा बास वाजवणारेच अधिक चवीने सांगतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. लिओ फेंडर यांनी 1951 साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणला आणि चार तारांचे, गिटारच्या एक सप्तक खाली बोलणारे हे विजेवरचे वाद्य लवकरच सर्वत्र रूढ झाले. त्याचे काम खर्ज सांभाळण्याचे. एका बाजूला ड्रमचा ठेका, दुसऱ्या बाजूला सुरावट. या दोहोंना बांधून ठेवणारी गाठ म्हणजे बास. श्रोता गायक ऐकतो, गिटार ऐकतो, ड्रमवर ताल धरतो. बास त्याला बहुधा ऐकूच येत नाही. तो थांबला, की मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. ज्याचे असणे जाणवत नाही आणि नसणे तेवढे जाणवते, त्याने स्वतःवर हसायला शिकणे क्रमप्राप्तच आहे. पण हे हसू म्हणजे निव्वळ करमणूक, की त्याखाली दुसरे काही दडलेले असते? या प्रश्नाचा विचार करताना 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' या 2002 सालच्या अमेरिकन माहितीपटाकडे वळणे अगत्याचे ठरते.

पॉल जस्टमन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा विषय आहे 'फंक ब्रदर्स' हा वादकांचा समूह. बेरी गॉर्डी यांनी 1959 साली कुटुंबाकडून 800 डॉलर उसने घेऊन डेट्रॉइट शहरात जी ध्वनिमुद्रण संस्था काढली, ती पुढे मोटाउन या नावाने जगभर पोहोचली. तिच्या गायकांची नावे घरोघरी गेली. त्यांच्यामागे वाजवणारी माणसे मात्र तीच होती: एका साध्या घराच्या अरुंद स्टुडिओत, ज्याला वादक मंडळी 'सापांचा खड्डा' म्हणत, दिवसरात्र बसलेली. तबकड्यांवर त्यांची नावे छापण्याची प्रथा नव्हती. या समूहाचा खर्ज सांभाळला तो प्रामुख्याने जेम्स जेमरसन या वादकाने.

जेमरसन यांचा जन्म 1936 चा, दक्षिण कॅरोलिनातला. डेट्रॉइटला आल्यावर ते प्रथम उभा, लाकडी बास शिकले आणि मग फेंडरच्या वाद्याकडे वळले. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते तार छेडत. त्या बोटाला सहकाऱ्यांनी 'आकडा' असे नाव ठेवले होते. वाद्याचेही नाव ठेवलेले होते: 'फंक मशीन'. तार तुटल्याखेरीज ते ती बदलत नसत, कारण नादाची गोडी तारेवर साचलेल्या मळातच असते असे त्यांचे म्हणणे! या गोष्टी ऐकताना हसू येते. परंतु त्यांचे वादन लक्ष देऊन ऐकले, तर हाच खेळकरपणा सुरांतही आढळतो. 1967 सालच्या 'बर्नाडेट' या गीतात गायक व्याकूळ होऊन आळवीत असतो आणि खाली जेमरसन यांचा बास त्याला टोकतो, अडवतो, पुढे धावतो, पुन्हा वेळेवर घरी परततो. मोठ्या माणसाच्या गंभीर बोलण्यात शेजारच्या मित्राने हळूच कोटी करावी, तशी ही खालची ओळ चालते. विनोद आणि साथ या दोन्ही कलांचे मर्म एकच आहे, ते म्हणजे नेमकी वेळ.

चित्रपटाचे मोठे यश असे, की त्याने वृद्ध झालेल्या वादकांना पोटभर बोलू दिले आहे. एकाने आठवण सुरू करावी, दुसऱ्याने ती हिसकावून घ्यावी, तिसऱ्याने शेवट सांगून टाकावा. ऐकणाऱ्याला हे संभाषण नसून वादनच चालले आहे असा भास होतो. या हसण्यात धार आहे आणि धैर्यही आहे. समूहातील दोन कृष्णवर्णीय गिटारवादकांच्या मधोमध जो मेसिना हे गौरवर्णीय वादक बसत. या त्रयीला काळ्या बिस्किटांमध्ये पांढरी साय असलेल्या 'ओरिओ'ची उपमा दिली जाई. ज्या देशात वर्णभेदाने रस्त्यांवर रक्त सांडत होते, त्या देशातल्या एका खोलीत वर्ण हा थट्टेचा विषय होऊ शकत होता. अशी थट्टा दोन्ही बाजूंनी पूर्ण विश्वास असल्याखेरीज संभवत नाही. सौहार्दाचा याहून भक्कम पुरावा कोणता मागावा?

असे असले, तरी हा चित्रपट काही बाबतींत उणा पडतो, हे नमूद केले पाहिजे. आठवणींच्या जोडीला त्यात एक मैफल गुंफली आहे. हयात वादक मंचावर आहेत आणि पुढे उभे राहून जुनी गाणी गातात ती चाका खान, बेन हार्पर, जोन ऑसबोर्न अशी आजची प्रसिद्ध मंडळी. ज्यांना सावलीतून बाहेर काढण्याची प्रतिज्ञा शीर्षकातच आहे, त्यांच्यापुढे पुन्हा नामवंत उभे करायचे, यातली विसंगती दिग्दर्शकाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. अपवाद आहेत ते बूट्सी कॉलिन्स आणि मिशेल एनडेगेओचेलो या दोघांचे. दोघांची ख्याती मुळात बासवादनाची. एनडेगेओचेलो तर गाण्यावर न थांबता जुन्या वादकांपाशी बसून प्रश्न विचारतात. जेमरसन यांच्याबरोबर पुढल्या काळात बासची धुरा वाहणारे गौरवर्णीय वादक बॉब बॅबिट यांना त्या वर्णभेदाच्या दिवसांविषयी छेडतात, आणि त्या थोराड गृहस्थाचे डोळे भरून येतात. चित्रपटातला हा सर्वांत खरा क्षण होय. तिथे कोणी विनोद करीत नाही; परंतु इतकी वर्षे एकत्र हसल्यावाचून असे रडता आले नसते, हे प्रेक्षकाला उमगते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जेमरसन यांच्याविषयी सर्वाधिक सांगितली जाणारी आख्यायिका 1971 सालच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या गीताची. मार्विन गे यांनी त्यांना एका मद्यालयातून शोधून आणले. बसता येईना म्हणून त्यांनी जमिनीवर उताणे पडून ते अवघड वादन केले, असे सांगतात. संगीतप्रेमींच्या बैठकीत या कथेला हमखास हशा मिळतो. पण हसणाऱ्याने घटकाभर थांबून पाहावे. जमिनीवर पडलेला तो माणूस आजारी होता. त्याच ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याचे नाव 'अतुलनीय' या विशेषणासह छापले गेले, तोवर त्याची उमेदीची बारा वर्षे निनावी उलटली होती. पुढच्याच वर्षी मोटाउनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला आणि वादकांना स्टुडिओच्या दारावर काम बंद असल्याची सूचना तेवढी मिळाली. मार्च 1983 मध्ये संस्थेच्या पंचविशीचा भव्य सोहळा कॅलिफोर्नियात झाला, तेव्हा जेमरसन तिकीट काढून वरच्या सज्जात बसले होते असे सांगितले जाते. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे 47. पाच वर्षांनी, 1988 साली, मोटाउन 6 कोटी 10 लाख डॉलरना विकली गेली. या व्यवहाराचा हिशेब चित्रपट मांडू पाहत नाही. आठवणींच्या उबेत तो इतका रमतो, की ही ऊब कोणत्या थंडीवर उतारा म्हणून जन्मली याची चौकशी करायचे राहून जाते.

विनोदाची मर्यादा इथेच स्पष्ट होते. आपसातले हसू माणसाला टिकवून धरते, उपेक्षा सुसह्य करते. पण ते न्यायाची जागा घेऊ शकत नाही. उलट, उपेक्षिताने स्वतःच हसून वेळ साजरी केली, की उपेक्षा करणाऱ्याची सोयच होते. मात्र त्याच सौहार्दाने एक काम केले, जे संस्थेने केले नव्हते: त्याने नावे जपली. ॲलन स्लट्स्की यांनी 1989 साली जेमरसन यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, याच शीर्षकाचा. त्यासोबतच्या ध्वनिफितींसाठी जॉन एन्टविसल, गेडी ली, चक रेनी यांच्यासारखे नामांकित बासवादक एकत्र आले आणि त्यांनी जेमरसन यांच्या रचना वाजवल्या. एरवी एकमेकांवर कोट्या करणारी ही जमात आपल्यातल्या एकाचे ऋण फेडायला मात्र गंभीरपणे बसली. त्या ग्रंथातूनच पुढे हा चित्रपट उभा राहिला. 2000 साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने साथीदार वादकांसाठी नवा विभाग उघडला, तेव्हा पहिल्याच तुकडीत जेमरसन यांचा समावेश झाला.

आपल्याकडील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी आणि संयोजकांनी आयुष्य वेचले, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत बहुतेकांना जागा मिळाली नाही. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. त्यांचे नाव भारतभर गेले ते कसे? त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' या 1977 सालच्या चित्रपटात गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात गुंफले म्हणून! लाखो लोक त्या नावावर खळखळून हसले. ते नाव धारण करणारा थोर संगीतकार हयात आहे, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक होते. डेट्रॉइटचा हशा आणि मुंबईचा हशा या दोहोंत शिष्याचे किंवा सोबत्याचे प्रेम आहे, आणि त्या प्रेमालाही पुरी न फेडता आलेली बाकी आहे.

उणिवा जमेस धरूनही हा चित्रपट आवर्जून पाहावा असा आहे. शेवटी हयात वादक आपल्या दिवंगत सोबत्यांची छायाचित्रे मंचावर आणतात, तेव्हा मैफलीची सारी झगमग क्षणभर विसरली जाते. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी रिचर्ड ॲलन आणि जॉनी ग्रिफिथ हे आणखी दोघे निवर्तले.

त्यात गिटारवादक रॉबर्ट व्हाइट यांची एक गोष्ट येते. एका उपाहारगृहात 'माय गर्ल' हे गाणे लागते. हे वाजवणारा मीच, असे वाढप्याला सांगायला व्हाइट तोंड उघडतात आणि थांबतात. म्हाताऱ्याला वेड लागले असे तो समजेल, म्हणून मुकाट्याने जेवण सांगतात. ते गाणे आजही सर्वत्र वाजते. पुन्हा कानावर आले, तर गायकाची वाट न पाहता आरंभ ऐकावा. व्हाइट यांची गिटारही सुरू होण्यापूर्वी, हृदयाच्या ठोक्यासारखे काही सूर एकटेच येतात. ते जेमरसन यांचे.