पॅम्प्लोनाचा जेक आणि बोटीवरची हर्टा

यंदा उन्हाळ्यात चार दिवस चोरखमाऱ्याला मुक्काम घडला. नागझिऱ्याच्या जंगलात शिरण्याचा एक दरवाजा या गावाशी आहे, आणि शेजारी मोठा तलाव. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तेथील नातू नागपूरला इंग्रजी साहित्य घेऊन शिकतो. त्याच्या हाती अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द सन ऑल्सो रायझेस’ ही कादंबरी होती. पुस्तकाचे नाव पवित्र शास्त्रातील ‘उपदेशक’ या ग्रंथावरून घेतलेले आहे, हे त्याने आजीला कौतुकाने सांगितले. मग आजीने थोडी कथा ऐकून घेतली आणि विचारले, “नाव बायबलातले, तर ही माणसे पानोपानी पीत का बसतात?”

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

१९२६ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा हेमिंग्वे सत्तावीस वर्षांचा होता. पहिल्या महायुद्धात १९१८ साली तो इटलीच्या आघाडीवर जबर जखमी झाला होता. कादंबरीचा निवेदक जेक बार्न्स हाही युद्धात घायाळ झालेला आहे; त्याची जखम अशी की ज्या ब्रेटवर त्याचे प्रेम आहे, तिच्याशी त्याला संसार करता येणे नाही. पॅरिसमध्ये राहणारी ही अमेरिकन आणि इंग्रज मंडळी स्पेनमधील पॅम्प्लोना येथे संत फर्मिनच्या सणाला जातात, बैलांच्या झुंजी पाहतात, पितात, भांडतात आणि पांगतात. कथानक एवढेच.

जेक कॅथलिक आहे, ही गोष्ट बहुतेक समीक्षक ओझरती सांगून पुढे जातात. आम्हांस मात्र पुस्तकाचे मर्म तेथेच दिसते. पॅम्प्लोनाच्या कॅथीड्रलमध्ये तो गुडघे टेकतो आणि आठवतील त्या सर्वांसाठी प्रार्थना करू लागतो. मित्रांसाठी, स्वतःसाठी, झुंजी चांगल्या व्हाव्यात म्हणून, मासे गळाला लागावेत म्हणून, आणि मग पैसा मिळावा म्हणूनही. पैशाचा विचार येताच मन भरकटते. भान आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटते. आपण किती वाईट कॅथलिक आहोत याचा खेद होतो, पण निदान तूर्त त्यावर आपल्याकडे उपाय नाही, हेही तो जाणतो. बाहेर उन्हात येतो तेव्हा पवित्र जलाने ओली झालेली त्याची बोटे हळूहळू वाळत जातात. लेखक यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाही. मिस्सेत बसून मनात शेताचा किंवा मुलीच्या लग्नाचा हिशेब ज्याने कधी केला नाही, त्याने खुशाल जेकला नावे ठेवावीत.

आजीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हेच, की ही माणसे पितात ती मौजेखातर नव्हे. जेकला रात्री दिवा मालवून झोप लागत नाही. सबंध पुस्तकात त्याला खरा विसावा मिळतो तो इराती नदीवर, मित्राबरोबर मासे धरताना. धरलेले मासे तो नेच्याच्या पानांचे थर देऊन पिशवीत ठेवतो. हा भाग आम्ही चोरखमाऱ्याच्या तलावाकाठीच वाचला आणि त्यातील शांतता आम्हांस परकी वाटली नाही.

तथापि या कादंबरीत एक डाग आहे, आणि तो झाकून उपयोग नाही. रॉबर्ट कोन हा त्या टोळक्यातील ज्यू. त्याच्या चुका इतरांच्या चुकांहून मोठ्या नाहीत. परंतु त्याच्या ज्यू असण्यावरून त्याला टोचून बोलले जाते, आणि निवेदकाची सहानुभूतीही तेथे आखडते. ज्याला स्वतःच्या जखमेचे दुःख ठाऊक आहे, तो दुसऱ्याच्या जखमेपाशी असा कोरडा का राहतो?

येथे आम्हांस आपल्या मराठीतील एका पुस्तकाची आठवण होते. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ साली प्रसिद्ध झाली. बेडेकर मूळचे अमरावतीचे, म्हणजे आपल्या विदर्भाचेच. त्यांनी लिहिलेली कादंबरी ही एवढीच. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर हा प्रेमात पोळलेला, स्त्रीजातीवरच रुसलेला तरुण आहे, आणि हिटलरच्या जर्मनीने हाकलून दिलेले ज्यू स्त्रीपुरुष आहेत. त्यांच्यात हर्टा आहे. जेकच्या मित्रांना घरी परतता येत होते. ते परतले नाहीत, एवढेच. हर्टाला परतायला घरच उरलेले नाही. १९३८ च्या जुलैत एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा विचार करण्यासाठी जमले, आणि बहुतेकांनी आपली दारे किलकिली करण्यासही नकार दिला. व्हिसाविना उतरता येईल अशी जागा म्हणून हजारो ज्यूंनी शांघायचा रस्ता धरला. हा इतिहास ध्यानात ठेवून ‘रणांगण’ वाचावी, म्हणजे ती नुसती प्रेमकथा राहत नाही.

हेमिंग्वेने जो ज्यू कोपऱ्यात उभा केला, त्याच्याच समाजाला अवघ्या तेरा वर्षांनी एका मराठी लेखकाने कथेच्या मध्यभागी आणले, आणि तेही छळछावण्यांची भयानक चित्रे जगापुढे येण्यापूर्वी. ही थोडकी गोष्ट नव्हे. मराठी टीकाकारांनी ‘रणांगण’च्या प्रेमभंगाची चर्चा पुष्कळ केली, या बाजूकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

आणि चक्रधर? बोट मुंबईला लागते, तो उतरतो. हर्टाची बोट तिला घेऊन पुढे जाते. तिच्या प्रेमाने तो बदललेला असतो. परंतु तिच्यासाठी जे करावयाचे ते त्याच्याने होत नाही. हर्टा समुद्रात आपला अंत करून घेते. चक्रधरला दुष्ट ठरवण्याची सोय बेडेकर वाचकाला ठेवीत नाहीत, म्हणूनच हा शेवट बोचतो. ‘उतरायला जागा नाही’ असे सांगणारी माणसे बेथलेहेमच्या धर्मशाळेपासून आपल्याला परिचित आहेत, आणि तीही बहुधा सभ्य व कुटुंबवत्सल असावीत.

सगळीच दारे बंद होत नाहीत, हेही सांगावयास हवे. याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर घेताना आपण किमतीची घासाघीस करतो. त्या माणसांचे गाव कोणते, हे आमच्यापैकी किती जणांनी विचारले असेल?

हेमिंग्वे घरात ठेवावा काय, असा प्रश्न कोणी केला तर आमचे उत्तर ‘ठेवावा’ असेच राहील. मात्र शेजारी ‘रणांगण’ असावी, आणि कळत्या मुलांनी ती दोन्ही वडीलधाऱ्यांशी बोलत वाचावीत. निघताना आम्ही आपली प्रत त्या नातवाकडे ठेवून आलो. परवा निरोप आला, की प्रत सध्या आजीकडे आहे, आणि इतक्यात परत मिळणार नाही.