चारांत एकाला इजा, पण खाजेचा हिशेब कुठे?

या वेळी समीक्षेला घेतलेला पेपर वाचताना काहींना अवघडल्यासारखं होईल. विषय आहे जघनकेस, म्हणजे प्युबिक हेअर, काढताना होणाऱ्या इजा. पण संशोधनात येणार असाल तर लाज वाटणारे विषय टाळून चालत नाही. ज्या विषयावर कुणी उघड बोलत नाही तिथं माहिती कमी असते आणि ऐकीव सल्ले जास्त असतात. शिवाय हा पेपर समीक्षा शिकायला उत्तम आहे. काम प्रामाणिक आहे, आकडे स्पष्ट आहेत, आणि तरीही त्यातून एक साधा प्रश्न निसटलाय.

पेपर २०१७ चा, 'जामा डर्मटॉलॉजी' या नियतकालिकातला. ट्रूसडेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १८ ते ६५ वयाच्या लोकांचं ऑनलाइन सर्वेक्षण वापरलं. ७४५६ जणांपैकी ५६७४ जणांनी, म्हणजे ७६.१ टक्क्यांनी, कधी ना कधी हे केस काढले किंवा कापले होते. त्यांतल्या १४३० जणांना आयुष्यात एकदा तरी इजा झाली होती. वृत्तपत्रांना आवडावा असा आकडा म्हणजे २५.६ टक्के, चारांत एक.

आधी छेद शोधा

पेट किंवा नेटच्या तयारीत आपण टक्केवारीची गणितं सोडवतो, पण पेपर वाचताना 'कशाचे टक्के?' हे विचारायचं विसरतो. इथे करून बघा. १४३० भागिले ५६७४ केलं तर २५.२ येतं, २५.६ नाही. कारण हा आकडा भारित आहे. सर्वेक्षणात ज्या गटाचे लोक कमी आले त्यांच्या उत्तरांना जास्त वजन दिलंय. यात चूक काही नाही, पण हे आपल्याला कळायला हवं.

आता इजांचे प्रकार घ्या. गोषवाऱ्यात तीन दिले आहेत: कापणं ८१८ (६१.२ टक्के), भाजणं ३०७ (२३ टक्के), पुरळ १६३ (१२.२ टक्के). प्रत्येक संख्येला तिच्या टक्केवारीने भागा. तिन्ही वेळा उत्तर १३३६ च्या आसपास येतं. म्हणजे हे टक्के १४३० जणांवर काढलेले नाहीत, इथला छेद वेगळा आहे. असा फरक दिसला की पेपरातले तक्ते उघडायचे, नुसत्या गोषवाऱ्यावर थांबायचं नाही.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. ७९ जणांना वैद्यकीय मदत लागली, आणि पेपर ते प्रमाण १.४ टक्के देतो. हा छेद केस काढणाऱ्या सगळ्यांचा. इजा झालेल्या १४३० जणांपैकी किती, असं विचारलं तर तेच ७९ जण साडेपाच टक्के होतात. दोन्ही आकडे खरे. तुम्ही कोणता सांगता त्यावर ऐकणारा घाबरणार की निर्धास्त होणार हे ठरतं.

'अकरा वेळा'ची गडबड

पेपरचा एक निष्कर्ष असा की ज्यांनी आयुष्यात ११ किंवा त्याहून जास्त वेळा सगळे केस काढले त्यांच्यात इजेचं प्रमाण जास्त. स्त्रियांमध्ये ऑड्स रेशो २.२१, पुरुषांमध्ये १.९७. हे वाचून 'सगळे केस काढणं दुप्पट धोक्याचं' असं लिहायचा मोह होतो.

थांबा. इजा 'आयुष्यात कधीतरी' झाली का, असा प्रश्न होता. समजा, प्रत्येक वेळी इजेची शक्यता फक्त २ टक्के आहे आणि ती कधीच बदलत नाही. एकदा केस काढणाऱ्याला इजा होण्याची शक्यता २ टक्के, आणि ११ वेळा काढणाऱ्याला निदान एकदा इजा होण्याची शक्यता जवळपास २० टक्के. पद्धतीत काही फरक नाही, फक्त संधी जास्त मिळाली. रोज रस्ता ओलांडणाऱ्याला महिन्यातून एकदा ओलांडणाऱ्यापेक्षा अपघाताचा धोका जास्त, यातून ओलांडायची पद्धत चुकीची आहे हे सिद्ध होत नाही. 'दर वेळी किती धोका?' याचं उत्तर या रचनेतून मिळत नाही, आणि रेझर हातात घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

दुसरं म्हणजे ऑड्स रेशो २.२१ म्हणजे धोका २.२१ पट नव्हे. समजा, तुलनेच्या गटात २५ टक्क्यांना इजा होते. तर २.२१ चा अर्थ दुसऱ्या गटात साधारण ४२ टक्क्यांना, म्हणजे सुमारे १.७ पट. घटना दुर्मीळ असेल तरच हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात.

आणि खाज?

आता माझा मुख्य आक्षेप. गोषवाऱ्यातली यादी पुन्हा वाचा: कापणं, भाजणं, पुरळ. खाज तिथं नाही. केस काढलेल्या कुणालाही विचारा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्गात किंवा लोकलमध्ये अस्वस्थ करते ती खाजच. ती का होते हे समजण्यासारखं आहे. पात्याबरोबर त्वचेचा वरचा पातळ थरही खरवडला जातो, ओलावा टिकत नाही. कापलेल्या केसाचं टोक धारदार होतं आणि उगवताना टोचतं. केस कुरळा आणि राठ असेल तर तो वळून पुन्हा त्वचेत शिरतो आणि बारीक पुळी येते. वर जांघेतला घाम आणि घट्ट कपड्यांचं घर्षण.

मग मोजलं का जात नाही? माझ्या मते, 'इजा' हा शब्द निवडला की रक्त दिसणाऱ्या गोष्टी आत येतात आणि नुसता त्रास बाहेर राहतो. हे फक्त या पेपरात घडलेलं नाही. प्रसूतीआधी केस काढण्याबद्दलचा कॉक्रेन आढावा पाहा: १९२२ ते २००५ मधले तीन प्रयोग, एकूण १०३९ स्त्रिया. नेहमीच्या शेव्हिंगचा फायदा दिसला नाही. पण केस पुन्हा उगवताना होणारा त्रास, दुखणं, लाज याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. एका प्रयोगात समाधान विचारलं, तेही तयारी झाल्या झाल्या. शेव्हिंगचा बराचसा त्रास तर नंतर सुरू होतो!

मग सल्ला कशाच्या जोरावर द्यायचा?

सगळे सल्ले सारख्या ताकदीचे नसतात. मी ते तीन पायऱ्यांवर ठेवते.

पहिली पायरी, पुरावा चांगला: स्वच्छतेसाठी केस काढायची गरज नाही. २०१६ च्या एका अमेरिकन सर्वेक्षणात केस काढणाऱ्या स्त्रियांपैकी ५९ टक्क्यांनी स्वच्छता हे कारण दिलं होतं. पण शस्त्रक्रियेपूर्वी, जिथं स्वच्छता जीवनमरणाची असते, तिथंही जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं की केस काढू नयेत, अगदीच गरज असेल तर क्लिपर वापरावा, रेझर नको. प्रसूतीआधी सरसकट शेव्हिंग नको, हे संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. आवड म्हणून काढायचे असतील तर जरूर काढा, तो तुमचा निर्णय. फक्त 'नाहीतर घाण राहते' हे कारण पुराव्यात बसत नाही.

दुसरी पायरी, पुरावा दुसरीकडून उसना घेतलेला: त्वचेपर्यंत न जाता ट्रिमरने किंवा कात्रीने केस बारीक ठेवणं रेझरपेक्षा सुरक्षित असावं. हा आधार शस्त्रक्रियेच्या क्लिपरचा आहे, न्हाणीघरातल्या ट्रिमरचा नाही.

तिसरी पायरी, त्वचेची कार्यपद्धती आणि डॉक्टरांचा अनुभव: आधी केस कापून आखूड करा, कोमट पाण्याने भिजवा, सुगंध नसलेलं जेल लावा. पातं नवं आणि स्वतःचंच हवं. केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवा. त्वचा ताणून धरू नका, एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नका. नंतर थंड पाण्याची घडी, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सैल सुती कपडे. लिंबू, तुरटी, आफ्टरशेव्ह किंवा जंतुनाशक द्रव लावू नका, खरवडलेली त्वचा आणखी चिडते. खाजवू नका, आणि खाज पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा रेझर लावू नका.

या पायरीवरचं बरंचसं ज्ञान पुरुषांच्या दाढीवरून आलंय. आफ्रिकन-अमेरिकन पुरुषांवर २०१३ साली प्रकाशित झालेल्या एका प्रयोगात रोज दाढी केल्याने पुळ्यांचा त्रास वाढला नाही. म्हणून 'जांघेतही रोज चालेल' असं म्हणता येईल का? नाही. तिथली त्वचा, घाम, घर्षण सगळं वेगळं. सिनॉप्सिसच्या तोंडी परीक्षेत बाह्य वैधता म्हणजे काय असं विचारलं तर हे उदाहरण द्या.

याने आपल्याला काय फरक पडतो?

खूप पडतो. आपल्याकडच्या कितीतरी रुग्णालयांत 'पार्ट प्रिपरेशन' म्हणून बाळंतिणीचे केस आजही रेझरने काढले जातात, न विचारता.

दुसरी गोष्ट हॉस्टेलमधली. खाज सुटली की लाजेपोटी डॉक्टरकडे न जाता मेडिकलमधून 'खाजेचं मलम' आणलं जातं. त्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांचं मिश्रण असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण ती शेव्हिंगची नसून गजकर्णाची असेल तर स्टेरॉइड त्याची लक्षणं झाकतं आणि बुरशी पसरते. जांघेतली त्वचा पातळ, ती स्टेरॉइड जास्त शोषते, कायमचे चट्टे पडू शकतात. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं, तरी ती काउंटरवर मिळतात. म्हणून लक्षात ठेवा: गोल कडा असलेला चट्टा, आठवड्याहून जास्त टिकलेली खाज, पू, ताप, पसरत जाणारी लाली यांपैकी काहीही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मधुमेह असेल तर लवकर जा. ते रोज हेच पाहतात, त्यांना नवल वाटत नाही.

शेव्हिंगनंतरची साधी खाज किती दिवस टिकते, हे नीट मोजलेलं असतं तर 'आता थांबा' आणि 'आता डॉक्टरकडे जा' यांमधली रेघ आपल्याला जास्त ठामपणे ओढता आली असती. न मोजलेल्या गोष्टीची किंमत अशी कुणाच्या तरी अंगावर निघते.

आता तुमचं काम. खाजेबद्दल सर्वेक्षणासाठी तीन प्रश्न मराठीत लिहा: कधी सुरू झाली, किती दिवस टिकली, काय लावलं. शब्द असे निवडा की वसतिगृहातली मुलगी आणि गावाकडची बाळंतीण, दोघी न संकोचता उत्तर देतील. लिहायला बसलात की कळेल, या विषयातला सगळ्यात अवघड भाग सांख्यिकी नाहीच.