बापाला ‘सिनेटर’ म्हणणारी मुलगी

दक्षिण कॅरोलिनातील एजफील्ड या शेतीभातीच्या गावात १९०२ साली जन्मलेला स्ट्रॉम थर्मंड शेतकीचा पदवीधर. आधी मास्तरकी, मग वकिली, न्यायाधीशपद, १९४७ ते ५१ गव्हर्नरपद आणि १९५४ पासून जवळजवळ अर्धे शतक अमेरिकेचे सिनेट. त्याच्या राजकारणाची खरी समीक्षा मात्र त्याच्या काळ्या मुलीने केली आहे. एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स यांचे ‘डिअर सिनेटर’ (२००५) हे ते आत्मकथन.

१९२५ साली त्या जन्मल्या तेव्हा आई कॅरी बटलर सोळा वर्षांची, थर्मंडच्या घरची मोलकरीण. मूल दूर पेनसिल्व्हेनियात मावशीकडे वाढले. बापाचे तोंड पाहिले ते १९४१ साली. पुढे काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कॉलेजात त्या शिकल्या, खर्च बापाचा. हाच बाप १९४८ साली काळे-गोरे वेगळेच राहिले पाहिजेत म्हणून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि चार राज्ये जिंकला. १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध तो २४ तास १८ मिनिटे बोलत उभा होता.

याला दुटप्पीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याचे तत्त्व आणि वर्तन यांत विसंगती कुठे आहे? काळ्या बाईचे श्रम आणि शरीर मालकाचे, तिच्या लेकराला नाव मात्र नाही, हीच तर तो राखू पाहत होता ती ‘परंपरा’. या संबंधाला प्रेम म्हणणाऱ्यांनी त्या घरात ‘नाही’ म्हणण्याची सोय कोणाला होती, तेही सांगावे.

आपल्याला इथे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आठवणारच. पाटील बाप, महार आई; नाव नाकारलेला मुलगा तिथे अख्ख्या गावाला जाब विचारतो. एसी मे जाब विचारत नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये शिक्षिका म्हणून त्या जगल्या आणि २००३ साली शंभर वर्षांचा बाप मरेपर्यंत गप्प राहिल्या. त्यांचा हा सोशिकपणा खटकतो, मलाही खटकला. परंतु शीर्षक पाहा: जन्मदात्यालाही त्याच्या हुद्द्यानेच हाक. विद्रोहाची भाषा नसलेल्या या पुस्तकातला सगळा दाह तिथे साठला आहे. पुस्तकाची खरी उणीव आईची आहे. कॅरी १९४८ मध्येच वारली. तिचे म्हणणे मुलीच्या आठवणींतून तुटक तुटक येते.

थर्मंड पुढे बदलला असे सांगतात. १९६५ च्या कायद्याने काळ्यांच्या मताला धार आली. १९७१ मध्ये त्याने काळा मदतनीस नेमला, १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीला मत दिले. हृदयपरिवर्तन की मतपेटी, हे बाबासाहेबांच्या वाचकाला सांगायला नको.

कोलंबियाच्या विधानभवनाबाहेर त्याचे स्मारक आहे. त्यावर चार मुले कोरली होती. २००४ साली ‘चार’चे ‘पाच’ केले, एसी मे यांचे नाव जोडले. दगडात ती दुरुस्ती दिसते म्हणतात. कॅरी बटलरचे नाव तिथे नाही.