'ठेवीदारांचे हित' : एका निवेदनाची भाषा

पुण्याच्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केल्याचे रिझर्व्ह बँकेने १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर केले. १९१२ साली स्थापन झालेल्या या बँकेच्या अखेरीचे आर्थिक परीक्षण अर्थशास्त्रज्ञांनी करावे; प्रस्तुत लेखकाचे लक्ष त्या निवेदनाच्या शब्दयोजनेकडे आहे. असली निवेदने कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाही, हे खरे. पण ज्या लेखनाने माणसाची जन्माची पुंजी अडकते किंवा मोकळी होते, त्यातील शब्द काव्यातील शब्दांइतक्याच काळजीने तपासावयास हवेत.

निवेदनातील कारणे ठरीव साच्याची आहेत. पुरेसे भांडवल नाही, मिळकतीची आशा नाही, आहे त्या स्थितीत ठेवीदारांची पूर्ण फेड होणे नाही, आणि बँक चालू राहणे ठेवीदारांच्या हितास बाधक आहे. यांतील 'हित' हा शब्द पाहण्याजोगा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम ३५-अ खाली या बँकेवर निर्बंध आले. त्या कलमाच्या आधारांतही ठेवीदारांचे हित आहेच. म्हणजे नऊ वर्षे बँक तगवून पैसे अडवून धरणे हे हित होते, आणि नऊ वर्षांनी ती मिटविणे हे हित ठरले! याला अर्थविस्तार म्हणवत नाही.

आक्षेप बँक बंद करण्यावर नाही. दिवाळखोर पेढी उघडी ठेवली की आधी पोचणाऱ्यास सर्व मिळते आणि मागाहून येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आक्षेप आहे तो त्या नऊ वर्षांवर. ठेव विम्याच्या १९६१ च्या अधिनियमात २०२१ साली कलम १८-अ आले आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. तदनुसार १८ मे २०२२ पर्यंत रुपीच्या ठेवीदारांना ७००.४४ कोटी रुपये पोचलेही होते, म्हणजे परवाना रद्द होण्यापूर्वीच. हित साधले असेल तर ते या कलमाने. परवाना रद्द झाल्यावर उरले ते अवसायन. (अवसायन आणि अवसान ही एकाच धातूची अपत्ये, मराठीत मात्र अवसान गळते ते ठेवीदाराचे.)

आता मुख्य वाक्य. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदार विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र आहेत, असे निवेदन सांगते. विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे. अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये कोसळल्यावर हा विमा जन्मला, तेव्हा ती अवघी १,५०० होती आणि सहकारी बँका तिच्या कक्षेतही नव्हत्या. तेव्हा प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु या वाक्यात मोजले आहेत ते ठेवीदार, रुपये नव्हेत. मोठी रक्कम उरलेल्या एका टक्क्याकडे असली तरी वाक्य खरेच राहते.

आणि ठेवीदार तरी कोण? मराठीत 'ठेवीदार' हे रूप एकवचनी आणि अनेकवचनी सारखेच. 'ठेवीदाराच्या' आणि 'ठेवीदारांच्या' यांत भेद एका अनुस्वाराचा. व्यवहारात तो अनुस्वारच हरवतो. एखाद्या पतसंस्थेने किंवा गृहनिर्माण संस्थेने आपला निधी नागरी बँकेत ठेवला, तर विम्याच्या हिशेबी ती एकच ठेवीदार, आणि तिला मर्यादा तीच ५ लाखांची. तिच्यामागे शेकडो सभासदांची अल्पबचत असेल; टक्केवारीत त्या सर्वांचे मिळून एक डोके भरते. त्यांतल्या अनेकांना आपण त्या बँकेचे ठेवीदार आहोत हेही ठाऊक नसते.

ही टक्केवारी बँकेनेच पुरविलेल्या माहितीवरून काढल्याचे निवेदनात म्हटले आहे. विम्याबाहेर राहणारी रक्कम किती आणि तीत संस्थांचा वाटा किती, हे आकडेही त्याच माहितीतून काढून त्याच परिच्छेदात देता आले असते.