संदेश कुठे आहे?

हैदराबादच्या मराठी घरांत नोव्हेंबर म्हटलं की दिवाळीच्या उरलेल्या फराळाबरोबर एका हत्तीचीही आठवण निघायची. बालचित्र समितीची स्थापना १९५५ची. तिचा आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव १९७९मध्ये सुरू झाला आणि पुढे दर दोन वर्षांनी आमच्याच शहरात भरू लागला. त्याचं पारितोषिक म्हणजे सोनेरी हत्ती, ‘गोल्डन एलिफंट’. त्या आठवड्यात शाळांच्या बसगाड्या भरभरून मुलं चित्रपटगृहांत यायची. इराणचा नाहीतर चीनचा सिनेमा बघून घरी आलेलं पोर आईच्या मागे मागे फिरत गोष्ट सांगायचं.

पण ही सगळी मुलं प्रेक्षक होती. मुलांसाठीचे सिनेमे मोठ्यांनीच केलेले असत. आपल्या मराठीतही तेच. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने १९५४मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं, ते मोठेपणी आठवलेल्या बालपणाच्या गोष्टीला. त्यात कमीपणा काहीच नाही. तरी आठवलेलं बालपण आणि चालू असलेलं बालपण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीला पडदा मिळायला फार वर्षं लागली. २०१३च्या अठराव्या महोत्सवात ‘लिटल डायरेक्टर्स’ हा विभाग आला, म्हणजे मुलांनी स्वतः केलेले चित्रपट. तोवर मोबाइल घराघरांत पोचला होता, त्यामुळे कॅमेरा ही श्रीमंतांची वस्तू राहिली नव्हती.

मी पाहिलेला शेवटचा महोत्सव २०१७चा, विसावा. २०२२मध्ये बालचित्र समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तो हत्ती आमच्या गल्लीतून गेला तरी हौस मात्र मागे राहिली. आता शाळा, मंडळं, ज्ञातिसंस्था आपापले लघुपट महोत्सव भरवतात. आपल्या समाजातही पाठशाळेच्या मुलांसाठी अशा स्पर्धा होऊ लागल्या आहेत. गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेतले सगळे चित्रपट मी प्रेक्षकांत बसून पाहिले, आणि जे पाहिलं त्याबद्दल आपण बायकांनी तरी मोकळेपणानं बोललं पाहिजे असं मला वाटतं.

स्पर्धेचे नियम असे. वेळ पाच मिनिटं. विषय अहिंसा, शाकाहार, पाण्याची बचत किंवा पर्यावरण. शेवटी संदेश असणं आवश्यक. अर्जात ‘मार्गदर्शक’ म्हणून एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं.

या नियमांतून जे निघायचं तेच निघालं. एक मुलगा नळ उघडा ठेवतो. त्याला स्वप्न पडतं, स्वप्नात भेगाळलेली जमीन दिसते. तो दचकून जागा होतो, धावत जाऊन नळ बंद करतो, आणि आपल्याकडे बघून हात जोडतो. दुसऱ्यात झाड तोडणारा मुलगा होता, त्यालाही स्वप्न पडलं. तिसऱ्यातही स्वप्नच. मागे सारखं एकच करुण संगीत, आणि एखाद्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून आणलेल्या ड्रोननं वरून घेतलेलं मंदिराचं शिखर. आता मला सांगा, दहा वर्षांचं पोर जगाकडे वरून बघतं का? ते खालून बघतं. त्याला टेबलाची खालची बाजू दिसते, आजीच्या पायांच्या भेगा दिसतात, मोठ्यांच्या बोलण्यातला न बोललेला भाग ऐकू येतो. ड्रोनचं दृश्य पाहिलं की समजावं, इथे बाबांनी पैसे मोजले आहेत. मुलं तोंडातून जी वाक्यं बोलत होती, तीही अशीच कुणीतरी मोजून दिलेली होती. “आपण सर्वांनी जलसंवर्धनाचा संकल्प करूया” असं कुठलंही मूल आपणहून म्हणत नाही.

या रांगेत एक चित्रपट निराळा होता. सातवीतल्या मुलीचा, जेमतेम चार मिनिटांचा. मार्गदर्शकाच्या रकान्यात आजीचं नाव. दिवस चातुर्मासातले, ऑक्टोबरचा महिना, म्हणजे आमच्याकडे सहाच्या आत सूर्य मावळण्याचे. कॅमेरा ओट्याच्या उंचीवर ठेवलेला. आधी भिंतीवरचं घड्याळ, मग खिडकीतलं ऊन, मग पुन्हा घड्याळ. आजी भराभर पोळ्या लाटते आहे. आजोबांचं ताट, धाकट्या भावाचं ताट, आजीचं स्वतःचं ताट. ऊन ओट्यावरून सरकत भिंतीवर जातं आणि विझतं. आजी ताट धुऊन पालथं घालते. मग बराच वेळ नुसतं रिकामं स्वयंपाकघर. पावणेसातला दार वाजतं आणि आई येते. खांद्यावर पर्स, हातात भाजीची पिशवी. हातपाय धुते, भाजी निवडायला घेते, धाकट्याची वही बघते. कॅमेऱ्यामागून मुलीचा आवाज येतो, “आई, तू जेवलीस?” आई मान वर न करता म्हणते, “बसमध्ये खाल्लं गं दोन घास, उजेड होता तोवर.” संपला चित्रपट.

संगीत नाही, पाटी नाही. मधे एकदा कॅमेरा कलतो आणि थोडा वेळ फक्त फरशी दिसते. तरीही चुळबुळत बसलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. माझ्या शेजारच्या वहिनींनी पदरानं डोळे टिपलेले मी पाहिले.

या चित्रपटाला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नाही. परीक्षकांपैकी एक काका समारोपात म्हणाले, “प्रयत्न चांगला, पण संदेश कुठे आहे?” आणि नंतर चहाच्या वेळी कानावर आलं की रात्रिभोजनत्यागाचं व्रत म्हणजे त्रास, असा गैरसमज बाहेर पसरेल म्हणून तो मागे ठेवला.

मला या निर्णयाशी भांडायचं आहे ते या दोन्ही कारणांसाठी.

आधी व्रताचं. त्या मुलीनं व्रताला नावं ठेवलेली नाहीत. आई व्रत मोडत नाही, कुरकुरत नाही, उलट धावत्या बसमध्ये दोन घास खाऊन ती ते पाळते. आता याला श्रद्धा म्हणायचं की ओढाताण? दोन्ही. आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे ओळखायला आपल्याइतकं दुसरं कोण शिकलेलं आहे? अनेकांत आपण पाठशाळेत आंधळ्यांच्या आणि हत्तीच्या गोष्टीवरून शिकवतो. प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक भाग, प्रत्येकाचं खरं आणि प्रत्येकाचं अपुरं. मग एका मुलीनं आपल्या हाताला लागलेला भाग दाखवला, तर आपण तिला म्हणतो, हा हत्ती नव्हेच. आजोबांना त्या घरात व्रत सुरळीत पार पडताना दिसतं, आजीला घड्याळ दिसतं, मुलीला आई दिसते. व्रताची बदनामी या चित्रपटानं होत नाही. ते कुणाच्या बळावर पाळलं जातं, एवढंच तो सांगतो.

आता संदेशाचं. कुणी म्हणेल, संस्कार नकोत का? पाच मिनिटांत पोरांनी काही चांगलं सांगितलं तर बिघडलं कुठे? प्रश्न रास्त आहे, आणि भाषण-स्पर्धेत मी तो मान्यही करीन. पण चित्रपट ही बघण्याची कला आहे. बोधवाक्य आधी ठरलं की मूल बघायचं थांबतं आणि त्या वाक्याला शोभेल अशी दृश्यं गोळा करायला लागतं. नळाच्या चित्रपटातल्या मुलानं आपल्या घरचा नळ खरोखर बघितला असता, तर पाणी कधी येतं, कोण भरतं, हंडा कोण उचलतं हे त्याला दिसलं असतं. पाण्याची किंमत त्याला स्वप्नाशिवाय कळली असती, आपल्यालाही. मुलाला नीट बघायला शिकवणं हा माझ्या मते मोठाच संस्कार आहे. अहिंसासुद्धा दुसऱ्याकडे लक्ष जाण्यापासूनच सुरू होते. “तू जेवलीस?” या प्रश्नात मला ती दिसली.

आणि मुलांना असं संदेशाविना कळत नाही, हाही आपला भ्रम आहे. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लहान मुलांच्या विभागाला मुलांचंच परीक्षक मंडळ असतं, अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांचं. २०१४मध्ये त्यांनी आपलं ‘क्रिस्टल बेअर’ हे पारितोषिक अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाला दिलं. वडील गेलेला अकरा वर्षांचा मुलगा, बदलीमुळे कोकणात आलेली नोकरदार आई, पाऊस, नवे मित्र. शेवटी पाटी नाही, हात जोडणं नाही. आपली भाषा न जाणणाऱ्या परक्या मुलांना त्या मुलाचं आणि त्याच्या आईचं एकटेपण कळलं. आणि आपल्या परीक्षकांना आपल्याच स्वयंपाकघरातली आई समजेना!

यंदाच्या स्पर्धेचे अर्ज दशलक्षण पर्वाच्या आधी निघतील. माझ्या मागण्या थोड्या आहेत. विषयाचा रकाना काढून टाका. मार्गदर्शकाला मोबाइल धरायला आणि वाक्यं लिहून द्यायला मनाई करा. भाड्यानं आणलेला कॅमेरा नको. परीक्षकांत निम्मी मुलं घ्या, आणि उरलेल्या निम्म्यांत किमान दोघी बायका. प्रत्येक चित्रपटानंतर दहा मिनिटं त्या मुलाला प्रश्न विचारू द्या. ज्यांच्या घरात मुलगी मोबाइल घेऊन ओट्याशी उभी राहते, त्या आयांनाही माझी एक विनंती आहे. पसारा दिसेल म्हणून तिला बाहेर घालवू नका. तिला तो पसाराच हवा असतो.

ती मुलगी आता आठवीत गेली आहे. या वर्षी ती काय करते आहे असं मी तिच्या आजीला विचारलं. आजी म्हणाल्या, “विषय आला की सांगते म्हणाली.”