एकट्याची नोंदवही: क्रोहर्स्टचे कागद कसे वाचावेत?

प्रवासवर्णनांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा पाहिलेल्या जागांबद्दल बोलतो. आज ज्या लेखनाबद्दल बोलायचं आहे त्यात जागा जवळजवळ नाहीतच. शिडाच्या नौकेतून एकट्याने महासागर ओलांडणाऱ्या माणसांचं हे लेखन. चहूकडे पाणी, माणूस एक, आणि हातात नोंदवही. या वह्यांमध्ये मनावरचा ताण कसा उतरतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण तो कसा वाचतो, हा आजचा प्रश्न.

सुरुवात जोशुआ स्लोकमपासून करू. १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' नावाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला एकटा माणूस. त्याचं पुस्तक १९०० साली आलं. अझोर्स बेटं सोडल्यावर तो आजारी पडतो. आलुबुखार आणि चीज पोटाला बाधलेलं असतं. बाहेर वादळ, आणि हा खाली केबिनमध्ये पोट धरून पडलेला. डोकं वर काढून बघतो तर सुकाणूवर एक उंच माणूस उभा! तो म्हणतो, मी कोलंबसच्या 'पिंटा' जहाजाचा वाटाड्या. सकाळी नौका अगदी बरोबर मार्गावर असते.

आजच्या भाषेत हा भास. तुटक झोप, ताप, थकवा यांतून असे भास होतात हे आज सर्वांना ठाऊक आहे. एकटा खलाशी सलग झोपू शकत नाही, डुलक्यांवर दिवस काढतो. पण स्लोकम काय करतो बघा. तो त्या भासाला पाहुण्यासारखं वागवतो आणि वाचकाला हसत हसत त्याची ओळख करून देतो. हे त्याला जमतं कारण तो घरी परतून, समोर ऐकणारे आहेत हे गृहीत धरून लिहितो आहे. तेव्हा आमची पहिली सूचना अशी, की अशा लेखनात काय घडलं हे विचारण्याआधी ते कुणाला सांगितलं आहे हे विचारावं.

आता १९६८ साली येऊ. लंडनच्या 'संडे टाइम्स'ने 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकाने. तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहेली' ही नौका आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तो फाल्मथला परतला. त्याच्या पुस्तकात मनाबद्दल फार कमी आहे आणि कामाबद्दल फार जास्त. पाण्याखाली जाऊन फटी बुजवणं, सुकाणूची दुरुस्ती, बिघडलेला रेडिओ, खराब झालेलं पिण्याचं पाणी. काही समीक्षकांना हे लेखन रुक्ष वाटतं. आम्हाला वाटतं, हा रुक्षपणाच त्याचा आधार आहे. ताण आहेच, पण तो प्रत्येक दिवशी एखाद्या कामाला बांधून टाकलेला आहे.

फ्रेंच खलाशी बर्नार मोआतेसिए अगदी दुसऱ्या टोकाला. नौकेचं नाव 'जोशुआ', म्हणजे स्लोकमचंच स्मरण. केप हॉर्न ओलांडून झाल्यावर, जिंकण्याची शक्यता समोर असताना, त्याने शर्यत सोडली. केपटाऊनजवळ एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकून तसं कळवलं आणि सरळ ताहितीला गेला. त्याच्या पुस्तकावर पिढ्यान्‌पिढ्या वाचक लुब्ध आहेत. समुद्राबद्दल त्याच्यासारखं फार थोड्यांनी लिहिलं, हे मान्यच. पण घरी वाट बघणाऱ्या बायकोला हा निर्णय कसा लागला असेल, या प्रश्नाजवळ ते पुस्तक फार थांबत नाही. मुक्तीची भाषा सुंदर असते. तिची किंमत दुसरं कोणी मोजत असेल तर तेही वाचकाने विचारायला हवं.

आणि आता डोनाल्ड क्रोहर्स्ट. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा छोटा धंदा करणारा, हौशी खलाशी. ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो इंग्लंडमधल्या टिनमथहून निघाला. 'टिनमथ इलेक्ट्रॉन' ही ट्रायमरान, म्हणजे तीन सांगाडे जोडलेली नौका, तयारच नव्हती. पुढे गेलो तर दक्षिण महासागरात बुडणार, मागे फिरलो तर कर्जात बुडणार. निघण्याच्या आदल्या रात्री तो रडला, असं त्याच्या पत्नीने नंतर सांगितलं.

डिसेंबरपासून त्याने खोट्या जागा कळवायला सुरुवात केली. एका दिवसात २४३ सागरी मैलांचा 'विक्रम' छापूनही आला. प्रत्यक्षात तो अटलांटिकमध्येच घुटमळत होता. मध्ये दुरुस्तीसाठी नियम मोडून अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालाही लागून आला. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. सूर्याची उंची मोजून आपली जागा काढणं हे खलाशाचं रोजचं गणित. पण जागा आधी ठरवायची आणि तिथून सूर्य किती उंच दिसला असता हे उलटं काढायचं, ते कितीतरी किचकट! म्हणजे हा माणूस खऱ्यापेक्षा खोट्यासाठी जास्त राबत होता. आणि त्या राबण्याबद्दल कुणाशी अवाक्षर बोलायची सोय नव्हती.

२१ मे १९६९ रोजी नायजेल टेटली या स्पर्धकाची नौका बुडाली. क्रोहर्स्ट मागून जोरात येतोय या समजुतीने त्याने ती जिवाच्या करारावर दामटली होती. टेटली वाचला, पण आता सर्वांत कमी दिवसांचं बक्षीस क्रोहर्स्टकडे येणार होतं. बक्षीस म्हणजे वह्यांची तपासणी. जूनमध्ये त्याचा ट्रान्समीटर बिघडला. खटपट करून मोर्सचे संदेश सुरू झाले, घरी आवाजाने बोलणं काही जमलं नाही. २४ जूनपासून साधारण आठवडाभरात त्याने सुमारे २५,००० शब्द लिहिले: आइन्स्टाइन, काळ, शरीरातून सुटणारं मन, देव. १ जुलैला नोंदी थांबतात. १० जुलैला नौका सापडली. आत वह्या होत्या, माणूस नव्हता.

त्या वह्यांवरून निकोलस टोमॅलिन आणि रॉन हॉल यांनी १९७० साली 'द स्ट्रेंज लास्ट व्हॉयेज ऑफ डोनाल्ड क्रोहर्स्ट' हे पुस्तक लिहिलं. शोधपत्रकारितेचा हा उत्तम नमुना आहे. कागदावर काय आहे आणि आपला तर्क काय आहे, हे ते बऱ्याच ठिकाणी वेगळं ठेवतात. तरी आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला असा, की शेवट माहीत असल्यामुळे आधीची प्रत्येक ओळ त्या शेवटाची चाहूल म्हणून वाचली जाते. बढाईखोर, आशावादी, कर्जबाजारी माणसं जगात पुष्कळ असतात, ती सगळी अशी संपत नाहीत. दुसरा आक्षेप गंभीर आहे. दोघेही लेखक त्याच वृत्तपत्राचे, ज्याने शर्यत भरवली आणि विक्रमाच्या बातम्या छापल्या. त्यामुळे वेडाची कहाणी समुद्रावर घडते आणि ती ऐकायला आतुर असलेला किनारा कडेला उभा राहतो.

आमचं म्हणणं असं, की क्रोहर्स्टला एकटेपणाने मोडलं नाही. एकटे तर नऊही जण होते. त्याचं लेखन बघा ना. बीबीसीसाठी बोलून ठेवलेल्या टेपांवर तो खुशीत आहे, तारांमध्ये मोघम आहे, आणि वहीत कोसळतो आहे. तीन ठिकाणी तीन माणसं. यांपैकी कुठेही 'मला जमत नाही, मी परत येतो' हे वाक्य पाठवता येत नव्हतं, कारण ते ऐकून घेईल असं कुणी आहे हा विश्वासच उरला नव्हता. शेवटचे २५,००० शब्द म्हणूनच विश्वाला उद्देशून आहेत. जवळचा श्रोता हरवला की माणूस विश्वाशी बोलू लागतो.

याची दुसरी बाजू आपल्या जवळची आहे. 'सुहेली'ची प्रतिकृती असलेली 'थुरिया' गोव्यात बांधली गेली. ती घेऊन अभिलाष टॉमी २०१८च्या 'गोल्डन ग्लोब'मध्ये उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी तुटली, पाठीला जबर मार बसला. त्यांचे संदेश तुटक होते, फक्त स्थिती सांगणारे: हलता येत नाही, नौका अमुक ठिकाणी. कुठेही आव नाही. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. २०२२-२३च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले. आपल्याकडे या कथेत जिद्दीचं कौतुक झालं, आणि ते रास्तच आहे. पण मदत मागणारा तो तुटक मजकूरही तितक्याच आदराने वाचला पाहिजे.

जाता जाता एक गोष्ट. नॉक्स-जॉन्स्टनने आपलं ५,००० पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकलं. ३१२ दिवस समुद्रावर एकटं राहणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, आणि त्याने निवाडा करायचं टाळलं. क्रोहर्स्टचे कागद हातात घेताना आपणही तेवढं करावं, एवढंच आमचं सांगणं आहे. आता प्रश्न घेऊ.