१३ तास १७ मिनिटे

ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग यांचा एक शोधनिबंध १९५२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स’मध्ये आला. त्यातल्या एका आकृतीपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेकडच्या समुद्रतळाचा तो छेद आहे. ग्रँड बँक्सचा उथळ भूखंडमंच, तिथून घसरत जाणारा खंडान्त उतार आणि त्यापुढे दूरवर पसरलेलं खोल सागरी मैदान. या रेघेवर टेलिग्राफ केबल्सच्या जागा दाखवल्या आहेत आणि प्रत्येक केबल तुटल्याची वेळ दिली आहे. एवढीच सामग्री. पण ती क्रमाने वाचत गेलं की समुद्राखाली, पूर्ण अंधारात, कुणीही न पाहिलेली एक घटना डोळ्यांपुढे घडू लागते.

१८ नोव्हेंबर १९२९ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास ग्रँड बँक्सच्या दक्षिण कडेला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. युरोप आणि उत्तर अमेरिका यांना जोडणाऱ्या १२ केबल्स तुटल्या. केंद्राजवळच्या, उतारावरच्या केबल्स धक्क्याबरोबर गेल्या. त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. दक्षिणेला आणखी खोलवर असलेली केबल ५९ मिनिटांनी तुटली. तिच्या पलीकडची ३ तास ३ मिनिटांनी. मग ९ तास १ मिनिटाने, १० तास १८ मिनिटांनी, आणि सर्वांत दूरची १३ तास १७ मिनिटांनी. भूकंपाच्या लाटांना खडकातून एवढं अंतर कापायला मिनिटंही पुरतात. मग या केबल्स तोडायला रात्रभर कोण चाललं होतं?

दोन दशकं या प्रश्नाला सर्वांना पटेल असं उत्तर नव्हतं. समुद्रतळाला भेगा पडून केबल्स ताणल्या गेल्या, असं काहींनी मांडलं. पण भेगा पडल्या असत्या तर तुटण्याला उताराच्या दिशेने असा चोख क्रम कशाला आला असता? हीझन आणि युइंग यांनी या क्रमालाच पुरावा मानलं. उतारावरचा सैल गाळ हादऱ्याने सुटला, पाण्यात मिसळला. असं गढूळ पाणी भोवतालच्या स्वच्छ पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून ते तळाला धरून उताराने धावतं. त्याच्या खळबळीमुळे गाळ खाली बसत नाही. उलट वाटेतला आणखी गाळ उचलला जातो आणि प्रवाह पोसला जातो. याला टर्बिडिटी करंट म्हणतात. रेजिनाल्ड डेली यांनी ही कल्पना १९३६ मध्ये मांडली होती आणि फिलिप क्यूनेन यांनी प्रयोगशाळेतल्या टाकीत असे प्रवाह वाहवून दाखवले होते. खऱ्या महासागरात मात्र असं काही इतक्या मोठ्या प्रमाणावर घडतं का, याबद्दल शंका होती. या आकृतीने ती कल्पना टाकीतून महासागरात आणली.

मला या मांडणीचं खरं सौंदर्य दिसतं ते साक्षीदारांच्या निवडीत. केबल कंपन्यांना भूविज्ञानाशी देणंघेणं नव्हतं. संदेश कधी थांबला याची नोंद व्यवहारासाठी मिनिटाबरहुकूम ठेवली जाई. तुटल्याची जागा किनाऱ्यावरून विजेच्या मोजमापाने काढली जाई, दुरुस्तीसाठी जहाज पाठवायचं म्हणून. इतका निरपेक्ष साक्षीदार मिळणं दुर्मीळ. दोन केबल्समधलं अंतर आणि दोन वेळांमधला फरक यांचा भागाकार केला की वेग हाती येतो. लेखकांनी काढलेला वेग उतारावर ५५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर, आणि मैदानावर पोचता पोचता १२ नॉट.

आणखी एक बारकावा. भूखंडमंचावरच्या केबल्स शाबूत राहिल्या. हादरा त्यांनाही बसलाच होता. पण तिथे उतार नाही, म्हणून प्रवाहही नाही. न घडलेल्या गोष्टीचा असा उपयोग मला फार मोलाचा वाटतो.

एवढा गाळ उताराच्या काठावर तयार कसा होता, हे कळायला काळात मागे जावं लागतं. हा किनारा भूपट्टांच्या सीमेवर नाही. अटलांटिक उघडला तेव्हा फाटलेल्या खंडाची ही जुनी कड आहे. आता शांत, हळूहळू खचत गेलेली, कोट्यवधी वर्षं गाळाखाली दबलेली. हिमयुगात हिमनद्यांनी त्यात प्रचंड भर घातली. अशा कडेवर मोठे भूकंप विरळाच होतात, आणि दोन भूकंपांमधल्या शांततेत गाळ साचत राहतो. शांत किनारा म्हणजे निर्धोक किनारा नव्हे, हे या घटनेइतकं स्पष्ट क्वचितच दिसलं आहे.

लेखक वेगावर थांबले नाहीत. प्रवाह खरा असेल तर त्याने वाहून आणलेला गाळ सागरी मैदानावर पसरलेला सापडला पाहिजे, असं त्यांनी म्हटलं. १९५४ मध्ये तिथून काढलेल्या गाभ्यांचा, म्हणजे तळाच्या गाळाच्या उभ्या नमुन्यांचा, अहवाल आला. खोल समुद्रात एरवी संथपणे साचणाऱ्या बारीक चिखलावर साधारण मीटरभर जाडीचा गाळाचा थर होता, तळाशी भरड आणि वर जाता जाता बारीक होत गेलेला. प्रवाह मंदावला की जड कण आधी बसतात, हलके मागाहून. ती सारी उतरण त्या थरात जशीच्या तशी राहिली होती.

आकडे पुढे बदलले. डेव्हिड पायपर आणि इतरांच्या संशोधनाने वेग कमी केला, ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. एकच अखंड घसरण नव्हे, तर उतार ठिकठिकाणी ढासळला होता, हेही दिसलं. वाहून गेलेला गाळ सुमारे २०० घनकिलोमीटर. यातल्या कशानेही १९५२ चा मूळ युक्तिवाद ढळला नाही.

आणि तरी ती वेळांची यादी वाचताना माझं मन न्यूफाउंडलंडच्या ब्यूरिन द्वीपकल्पाकडे जातं. त्याच ढासळण्याने उठलेली त्सुनामी भूकंपानंतर अडीच तासांच्या सुमारास तिथे पोचली. २८ माणसं गेली. केबल कुठल्या मिनिटाला तुटली हे जगाला कळलं, पण ब्यूरिनची तार आधीच्या वादळाने तुटली होती. ‘पोर्शिया’ हे जहाज तीन दिवसांनी बंदरात आलं, तेव्हा कुठे त्याच्या बिनतारी यंत्रावरून मदतीची हाक बाहेर गेली. या घटनेच्या कोणत्याही वाचनात हे तीन दिवस धरायलाच हवेत.

पश्चिम भारताची कडही ग्रँड बँक्सच्या कडेसारखीच जुनी, फाटलेल्या खंडाची. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी ती सौराष्ट्राच्या बाजूला ढासळली. या ढासळणीला ‘नटराज स्लाइड’ असं नाव मिळालं आहे. २०१५ मध्ये धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट यांच्या नेतृत्वाखाली ‘जॉइडीझ रेझोल्यूशन’ या जहाजाने अरबी समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन हजार मीटर पाण्याखाली वेधन केलं. एका ठिकाणी या ढासळणीचा थर ३०० मीटरहून जाड निघाला, आणि त्यात उथळ पाण्यात तयार होणाऱ्या चुनखडकाचे तुकडे होते. गाळ कुठून आला, केव्हा आला, केवढा आला, हे त्या गाभ्यांवरून सांगता येतं. तो किती तासांत आला हे सांगणारी केबल मात्र त्या वाटेवर नव्हती.